तिच्या तोंडी माझी हाक

आमच्या लोणावळ्याच्या घरात चुलीमागच्या भिंतीतलं कपाट रिळांचं होतं. पावसाळ्यात लोणावळ्याच्या भिंतींना घाम फुटतो, मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात आणि ट्रंकेतल्या शालूवरसुद्धा पांढरी बुरशी धरते. माझ्या शालूवर धरलीच. पण फिल्मच्या डब्यांवर धरून चालणार नव्हतं, म्हणून घरातली एकुलती एक उबदार, कोरडी जागा त्यांना मिळाली आणि माझ्या मसाल्याचे डबे खिडकीखाली ओलीत बसले. भाकरी थापताना मान वर केली की ते गोल पत्र्याचे डबे दिसायचे. प्रत्येकावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर ह्यांचं सुरेख अक्षर. सुधारित भातशेती. देवीची लस. पिण्याच्या पाण्याची विहीर.

"मलाही घ्या की एकदा कॅमेऱ्यात," मी म्हणायची.

"फिल्म काय भावानं येते, कल्पना आहे का तुला?" हे म्हणायचे.

विहिरीला परवडायची, मला परवडायची नाही.

हे लोणावळ्याचे, मी कान्हे गावची. माझे वडील भातशेती करायचे, पण हौसेनं मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. हे लग्नाच्या वेळी मुंबईला माहितीपट काढणाऱ्या एका कचेरीत होते. आधी कॅमेऱ्याच्या पेट्या उचलल्या, मग कॅमेरा उचलला, आणि साठ सालानंतर कधीतरी नोकरीवर लाथ मारून घरी आले. दारावर पाटी लागली, 'दिग्दर्शक व निर्माता'. निर्माता हे, पण निर्मिती बरीचशी माझ्याकडे. दशम्या बांधणं, बैलगाडी ठरवणं, गावच्या पाटलाची मनधरणी करणं, पेट्या मोजून गाडीत चढवणं. त्या काळी मुख्य सिनेमाच्या आधी माहितीपट दाखवायचे आणि लोक तेवढ्या वेळात बाहेर जाऊन भजी खाऊन यायचे. माझ्या नवऱ्याची कारकीर्द ही अशी अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर चालली होती. तिचासुद्धा मला हेवा वाटायचा, कारण हे तिच्याकडे ज्या नजरेनं बघायचे तसं माझ्याकडे कधी बघितलं नाही.

आणखी एक राग होता. सासरी आले तेव्हा माझ्या तोंडात कान्ह्याची भाषा होती. 'न्हाई', 'कुटं', 'लय'. नणंद पदर तोंडाला लावून हसायची, आणि हे जेवताना मास्तरासारखे दुरुस्त करायचे. "न्हाई नव्हे, नाही म्हण." मी म्हटलं. वर्षभरात सगळं गेलं. माहेरी गेले की माझी आईच म्हणायची, पोरगी पुण्याची झाली.

ह्यांचं नाव मात्र मी घेत नसे. इथंही घेणार नाही. उखाण्यात घेतलंय, पण यमकात गुंडाळून घेतलेलं नाव काही खरं नाव नव्हे. नाव तसं साधं, मावळात गल्लोगल्ली सापडेल असं. आमच्या दूधवाल्याचंही तेच होतं, म्हणून मी त्याला जन्मभर 'दूधवाले' म्हणत आले.

तर डोंगरशेतीवर एक फिल्म काढायचं काम ह्यांना मिळालं. मळवली स्टेशनला उतरून भाजे गावात जायचं आणि तिथून पायवाटेनं वर चढायचं. वर कुशीत एक वाडी होती. वाडीची माणसं डोंगरउतारावर नाचणी-वरई काढायची आणि खाली भाजे आणि कार्ले गावांच्या खाचरांत लावणी-कापणीला मजुरीनं यायची. पहिल्या दिवशी मीही बरोबर होते, भाकऱ्यांची पाटी सांभाळत. आम्ही ऐनाच्या झाडाखाली टेकलो होतो, आणि ओढ्यापलीकडच्या उतारावरून एका बाईची हाक आली.

नाव घेऊन हाक होती. ह्यांचंच नाव, शेवटचं अक्षर लांब ओढलेलं, पार खालच्या खाचरापर्यंत पोचेल असं. लाज नाही, आडपडदा नाही. आणि हे हातातला लाईटमीटर तसाच धरून वळले आणि म्हणाले, "ओ."

हाक ह्यांना नव्हतीच. खालच्या बांधावरून एक लंगोटी लावलेला काटक माणूस उठला, त्यानंही "ओ" दिली आणि बायकोच्या दिशेनं चढायला लागला. त्याचंही नाव तेच. सगळे हसले. हे तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मला हसू आलं नाही. दहा वर्षं मी "अहो, ऐकलं का" म्हणत ह्यांच्या पाठीमागे फिरत होते, त्याला निम्म्या वेळा "हं" सुद्धा मिळत नसे. आणि ही कोण कुठली बाई दगडावर उभी राहून नाव घेते आणि माझा नवरा ओ देतो. वाडीतल्या सगळ्याच बायका अशी हाक मारायच्या की ही एकटीच, ते मी कधी विचारलं नाही. माझ्या पोटात दुखायला ही एक पुरेशी होती.

ती देखणी होती का? नव्हती. हे मी जळून सांगत नाही, फिल्म बघा. सावळी, हाडापेरानं मोठी, मिश्रीनं काळे पडलेले दात. पण हे संध्याकाळी घरी आले की ताटावर बसूनही तेच. "हिचा चेहरा ऊन कसा धरतो, बघितलंस?" माझ्या चेहऱ्यानं चुलीचा धूर धरला होता, त्याचं कौतुक कोण करणार.

लोक ज्याला संशय म्हणतात तसला संशय मला कधीच आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं. ती ह्यांना 'भाऊ' म्हणायची, हे तिला 'बाई'. माझं जळणं वेगळं होतं. ती खुरपं डाव्या हातात धरते हे ह्यांना पाठ होतं. चढताना ती कुठल्या दगडावर थांबते, हसायच्या आधी ओठ कसे आवळते, सगळं पाठ. मी कणीक कुठल्या हातानं मळते असं विचारलं असतं तर हे छताकडे बघत बसले असते.

डोंगरशेतीची फिल्म हळूहळू त्या एकाच बाईची फिल्म झाली. ह्यांचा कॅमेरा चावीचा होता, चावी संपली की शॉट संपला. मग हे म्हणायचे, "बाई, परत एकदा तसंच वाका." ती कंबरेवर हात ठेवायची. "आत्ता वाकले की, भाऊ. एकाच कामाला किती बारी वाकू?" हे खूश व्हायचे. घरी मी असं उत्तर केलं असतं तर दोन दिवस अबोला धरला असता.

लावणीच्या दिवसांत मी ठरवलं की आपणच फ्रेममध्ये शिरायचं. कान्ह्याला लहानपणापासून लावणी केलेली होती मी, कुणी शिकवायची गरज नव्हती. भाज्याच्या खाचरात बायकांची ओळ लागली, कॅमेरा बांधावर मांडला. मी पातळाचा काचा मारला, रोपांची जुडी उचलली आणि सरळ तिच्या शेजारी जाऊन वाकले. हात आपोआप चालू लागले. तिच्यापेक्षा माझी ओळ पुढे गेली, हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. मनात म्हटलं, आता तरी दिसेन. कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली आणि लगेच बंद पडली.

"अगं, तू बाजूला हो. फ्रेममध्ये येतेयस."

सगळ्या बायकांसमोर. मी चिखलातून बाहेर आले. पोटऱ्यांपर्यंत भरलेले पाय घेऊन बांधावर उभी राहिले आणि हातातली उरलेली रोपं कुठं ठेवावी ते कळेना. ती बाई वाकल्या वाकल्या मान वळवून माझ्याकडे बघत होती.

"वयनी, तुमाला येतंय की लावाया," ती म्हणाली.

"येतंय मंग," मी म्हटलं. कान्ह्याचा सूर किती तरी वर्षांनी तोंडातून निघाला होता. ह्यांनी तो ऐकला. तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला कळलं नाही, पुढं कळलं.

फिल्मची सुरुवात ह्यांनी ठरवून टाकली होती. ती दगडावर उभी राहते, तोंडाशी हात धरते आणि नवऱ्याला हाक मारते. चेहरा पडदाभर. चित्र फार चांगलं आलं होतं, हे मला मान्य करावं लागलं. पण आवाज गेला होता. डोंगरावरचा वारा आणि आमचा ओल धरलेला टेपरेकॉर्डर यांनी मिळून नुसती घरघर टिपली होती, आणि ती बोललेली पुढची सगळी वाक्यंही तशीच. आवाज पुन्हा भरायला तिला मुंबईला न्यायचं ठरलं, पण ती येईना. कापणी तोंडावर आली होती. "माजी भाकर तुमी थापाल का?" असं तिनं ह्यांना विचारलं. मग दादरच्या एका स्टुडिओत नाटकातली एक नटी बोलावली. तिनं कमरेत लचकून "अगं बया" वगैरे जे काही केलं ते ऐकून ह्यांनी कपाळाला हात लावला.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "उद्या तू चल दादरला."

"कशाला?"

"तुझं ते कान्ह्याचं बोलणं. तसंच हवंय मला."

वाडीचं बोलणं आणि कान्ह्याचं बोलणं एक नव्हे, हे मला माहीत होतं. पण मुंबईच्या कानांना तेवढं कुठं कळणार. मला खरा राग आला तो निराळाच. जी भाषा माझ्या तोंडातून वेचून वेचून काढून टाकली, ती आता तिच्या तोंडात घालायची होती. तरी गेले. ह्यांच्या फिल्ममध्ये जायचं म्हणून गेले, मग आत शिरायला मिळतंय ते फक्त गळ्यानं का मिळेना.

डबिंगची खोली म्हणजे गाद्या ठोकलेल्या भिंतींचं अंधारं कोंदट घर. फिल्मच्या एका तुकड्याची दोन टोकं जोडून तो पुन्हा पुन्हा फिरवतात आणि आपण पडद्यावरच्या ओठांवर आपला शब्द बसवायचा. तिची वाक्यं मी भराभर बसवली. काचेपलीकडे हे रेकॉर्डिस्टच्या शेजारी उभे होते. खोलीतल्या स्पीकरमधून ह्यांचा आवाज आला, "वा, हेच. हेच 'न्हाई' पाहिजे होतं मला."

"हेच तुम्ही काढून टाकलं होतंत," मी म्हटलं. त्यांच्या बाजूचं बटण बंद असावं, कारण हे मान डोलवत राहिले.

मग हाक आली. ती दगडावर चढली, हात तोंडाशी नेले, ओठ उघडले. मी पदर तोंडाशी नेला. फेरा फिरून पुन्हा ती चढली, पुन्हा ओठ उघडले. मी म्हटलं, "अवं."

"ओठ जुळत नाहीयेत," स्पीकर म्हणाला. "नाव घे."

पुन्हा फेरा. ह्या वेळी पहिलं अक्षर आलं आणि गिळलं गेलं. रेकॉर्डिस्ट वयस्कर, भला माणूस होता. तो म्हणाला, "बाई, एक नाव तर आहे नुसतं." नुसतं नाव. त्याला काय सांगू की ज्याचं नाव आहे तो तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे.

शेवटी हे दार उघडून आत आले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "ती घेते ना? मग तुलाच काय होतंय?"

ती घेते ना. अंगाचा तिळपापड म्हणतात तो काय असतो ते मला त्या अंधाऱ्या खोलीत कळलं. "जावा तिकडं," मी म्हटलं, "काचंच्या पल्याड." हे गेले. फेरा फिरला, ती दगडावर चढली, आणि मी हाक मारली. नाव घेऊन. चुलीमागचं कपाट, भाज्याचा चिखल, दहा वर्षांचं "ऐकलं का", सगळं त्या एका नावात गेलं आणि शेवटचं अक्षर मी श्वास संपेस्तोवर सोडलं नाही. रेकॉर्डिस्टनं कानावरचे हेडफोन काढून हातात घेतले. मी काचेकडे बघितलं. मला वाटलं होतं, काही तरी म्हणतील.

"ओके," स्पीकर म्हणाला. "पुढचा तुकडा."

त्या फिल्मला दिल्लीला बक्षीस मिळालं. हे कोट घालून मंचावर गेले, फोटो छापून आला. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की त्या डोंगरबाईच्या एका हाकेत तिचा सगळा जन्म आहे. मी ते कात्रण वाचलं आणि चुलीत घालायला निघाले होते, ह्यांनी हातातून काढून घेतलं. श्रेयनामावलीत माझं नाव नव्हतं. मी विचारलं तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "ती स्वतः बोलतेय असं वाटलं पाहिजे. आवाज दुसरीचा म्हणून पाटी लावली तर फिल्म मेली." बरोबर होतं. ह्यांचं नेहमी बरोबरच असायचं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मग हे म्हणाले, फिल्म भाज्याला दाखवायची. शाळेची खोली मिळाली. दुपारचं ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्यांना गोणपाटं आणि घोंगड्या लावल्या, बाहेर भाड्याचा जनरेटर धडधडत ठेवला. सगळी वाडी उतरून खाली आली होती. ती पुढच्या ओळीत, धुतलेलं लुगडं नेसून, शेजारी तिचा नवरा. हे मागे प्रोजेक्टरपाशी पट्टा घट्ट करत वाकलेले. मी ह्यांच्या बाजूला, दाराजवळ.

पडद्यावर डोंगर आला, दगड आला, ती आली. बायका खिदळल्या. तिनं हात तोंडाशी नेले, आणि माझी हाक त्या खोलीत घुमली.

आणि हे, जे ती फिल्म डोळे मिटून सांगू शकले असते, पट्ट्यावरून मान वर न करता म्हणाले, "ओ."

पोरंसोरं वळून बघायला लागली. पुढच्या ओळीत तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"तुला बोलावलंय. वो दे की."

"तू कुटं बोलावलंस?" तो म्हणाला. "ह्यी कोन हाय, मला न्हाई ठावं."

खोलीभर हशा पिकला. ती हसली नाही. उठून उभी राहिली, तिची सावली पडद्यावरच्या तिच्याच तोंडावर पडली, आणि प्रोजेक्टरच्या उजेडात तिनं मला शोधून काढलं.

"वयनी, तुमी हाय व्हय त्या? माज्या तोंडात?"

मी होय म्हणून मान हलवली.

"लय चिडून मारलीया. म्या कवा चिडून हाक मारते? गाव काय म्हनंल?" मग ह्यांच्याकडे वळून, "भाऊ, माजा आवाज कुटं गेला?"

हे वाऱ्याचं, ओलीचं, टेपरेकॉर्डरचं समजावून सांगायला लागले. ती ऐकत नव्हती. ती माझ्याकडेच बघत होती, आणि ती नजर मला नवीन नव्हती. वर्ष-दीड वर्ष मी तिच्याकडे त्याच नजरेनं बघत आले होते. तिची हाक माझ्याकडे होती आणि ह्यांची नजर तिच्याकडे, आणि दोघींपैकी कुणालाच आपली वस्तू परत मिळणार नव्हती. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

फिल्म संपल्यावर ती सरळ बाहेर गेली. शाळेच्या पटांगणात उभी राहून तिनं नवऱ्याला हाक मारली, घरी चल म्हणून. तिची खरी हाक. हलकी, आळसावलेली, कपडे वाळत टाकता टाकता मारावी तशी. "ओ," तो आतूनच म्हणाला आणि टोपी झटकत निघाला. आत हे रिळं गुंडाळत होते. त्यांनी ह्या वेळी मान वळवली नाही. पण माझं लक्ष त्या हाकेवरच राहिलं. तिला नाव घ्यायला चिडावं लागत नव्हतं.

मळवलीला गाडीची वाट बघताना मी विचारलं, "मघाशी ओ कशाला दिलीत?"

"दिली का मी?"

"दिलीत."

हे रुळांकडे वळले. "लक्षात नाही," म्हणाले, आणि पेट्या मोजल्या का म्हणून विचारलं.

पुढं ह्यांनी पुष्कळ फिल्मा काढल्या. धरणं, हातमाग, हिवताप. मला एकीतही घेतलं नाही आणि मीही पुन्हा मागितलं नाही. नावानं हाकही मारली नाही. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा लोणावळ्यातल्या काही हौशी मंडळींनी ती फिल्म पुन्हा लावली. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, हार घातला. पडद्यावर ती दगडावर चढली, ऊन तिच्या चेहऱ्यानं धरलं, हात तोंडाशी गेले, आणि माझी हाक आली. मी नकळत मागं वळून बघितलं. प्रोजेक्टरपाशी एक अनोळखी माणूस विडी ओढत बसला होता.

दिवे लागल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली. "काय आवाज आहे हो त्या बाईचा," ती म्हणाली. मी हो म्हटलं. माझ्या तोंडून ह्यांचं नाव ऐकायचं असेल, तर आजही तिचंच तोंड बघावं लागतं.